पडद्यावरची घरं : ‘बेट्स मोटेल’मधली ती रात्र

गेल्या अंकात ‘बेट्स मोटेल’च्या चौथ्या सीझनमधल्या नवव्या भागाबद्दल, म्हणजे ‘फॉरएव्हर’बद्दल, मी ओझरतं लिहिलं होतं. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्याच भागाला दिलं आहे. भाग पाहिला नसेल तर आधी पाहून घ्या, कारण खाली शेवट उघड केलेला आहे.

मालिका ठाऊक नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. नवरा गेल्यावर नॉर्मा बेट्स आपल्या किशोरवयीन मुलाला, नॉर्मनला घेऊन ऑरेगनमधल्या व्हाइट पाइन बे नावाच्या काल्पनिक गावात येते आणि एक मोटेल विकत घेते. नॉर्मनला मधूनमधून काळाचं भान राहत नाही, आणि त्या हरवलेल्या वेळात माणसं मरतात. आई ते झाकत राहते. 1960 सालच्या ‘सायको’ या चित्रपटाची ही पूर्वकथा आहे, पण ती आजच्या काळात घडते. 2013 ते 2017 या काळात ए अँड ई वाहिनीवर तिचे पाच सीझन, एकूण 50 भाग आले. ‘फॉरएव्हर’ मे 2016 मधला.

*ताई, नॉर्मनने आईला मारलं तेव्हा मला त्याचा संताप यायला हवा होता. झालं उलटंच. मी त्याच्यासाठी रडत होते. दुसऱ्या दिवशी माझीच मला भीती वाटली. एका खुन्यासाठी माझ्या डोळ्यांत पाणी का आलं?*
*— एक वाचक*

तुमच्या डोळ्यांत पाणी यावं अशीच त्या भागाची रचना आहे, तेव्हा स्वतःला घाबरू नका. ती रचना कशी केली आहे ते मात्र नीट पाहू या, कारण तिच्यात एक धोकाही आहे.

नॉर्मा मरणार हे प्रेक्षकाला पहिल्या भागापासून माहीत असतं. प्रश्न एवढाच उरतो की कशी. मूळ चित्रपटात गावचा शेरीफ, म्हणजे पोलीसप्रमुख, जी हकिगत सांगतो तिच्यात स्ट्रिक्निन हे विष आहे, आईचा प्रियकर आहे, आणि दोघांचे मृतदेह सापडलेले आहेत. शेवटी कळतं की ते विष मुलानेच मत्सरापोटी घातलं होतं. मालिकेचे कर्ते कार्लटन क्यूस आणि केरी एहरिन यांनी ही कथा तशीच उचलली असती, तर तुम्हाला नॉर्मनचा सरळ राग आला असता. त्यांनी विष काढून टाकलं, तडफड काढून टाकली, आणि आईशेजारी तिच्या प्रियकराऐवजी खुद्द मुलाला झोपवलं.

आता त्याच्या हालचाली आठवून बघा. नॉर्मा झोपली आहे. नॉर्मन तळघरात जातो आणि घर गरम ठेवणारी, पण विषारी वायू सोडणारी जुनी भट्टी पेटवतो. मग घरभर फिरून गरम हवेच्या झडपा बंद करत जातो, आईच्या खोलीतली तेवढी उघडी ठेवतो. त्याला कसली घाई नसते. रात्री दारं-खिडक्या लावून, दिवे मालवून घरातलं माणूस झोपायला येतं, तितक्या सहज तो ते करतो. नंतर येऊन आईच्या शेजारी आडवा होतो. पार्श्वसंगीत बंद करून ही दोन-चार मिनिटं पाहिलीत, तर दिवसभराची कामं आवरणारा एक गुणी मुलगा दिसेल. नॉर्मन झालेल्या फ्रेडी हायमोरने हा प्रसंग चेहऱ्यावर काहीही न आणता केला आहे. मला तो त्याच्या पाचही सीझनमधला सर्वांत अवघड अभिनय वाटतो.

त्यात नॉर्मनला स्वतःलाही मरायचं आहे. आईने अॅलेक्स रोमेरोशी, म्हणजे मालिकेतल्या गावच्या शेरीफशी लग्न केलं हे त्याला सोसत नाही. ती मात्र मुलासाठी तो संसारही सोडायला निघाली आहे. नवऱ्यासाठी चिठ्ठी लिहिते, अंगठी काढून ठेवते. म्हणजे नॉर्मनला जे हवं होतं ते त्याला मिळालेलं आहे, आणि तरीही तो भट्टी पेटवतो. हे मिळालेलं पुन्हा कधीच हातून जाऊ नये म्हणून.

तुम्ही रडलात ते इथे. आणि माझ्या मते प्रेक्षकाने सावध व्हायचं तेही इथेच. दोघांनी मिळून जायचं ठरवलं असा जो भास होतो, तो फक्त नॉर्मनच्या बाजूने पाहिल्यावर होतो. नॉर्माला कुणी विचारलेलं नाही. ती उद्या सकाळी उठायचं म्हणून झोपली आहे. घरच्यांना मारून स्वतः मरू पाहणाऱ्या माणसाच्या बातम्या आपण वाचतो, त्यांत ‘प्रेमापोटी’ असा शब्द फार लवकर येतो. मला त्या शब्दाचा मनापासून राग आहे. झोपलेल्या माणसाचा जीव घेणं हा खून आहे, मग घेणारा शेजारी झोपलेला का असेना. नॉर्मनसाठी जरूर रडा. त्याच वेळी नॉर्मा एका खुनाची बळी आहे हे सोडू नका.

*एकाच खोलीत, एकाच पलंगावर दोघं. तोच वायू, तीच रात्र. मग नॉर्मन वाचतो आणि नॉर्मा जाते, हे लेखकांच्या सोयीसाठीच ना? आणि ती जागी कशी झाली नाही?*
*— विज्ञान शिकवणारा एक वाचक*

कथेची सोय आहेच, पण वैद्यकशास्त्राला सोडून नाही. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो आणि वासही नसतो. इंधन पुरतं न जळाल्याने तो तयार होतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. त्यामुळे श्वास चालू असतो, छाती वरखाली होत असते आणि मेंदूला मात्र ऑक्सिजन मिळत नाही. जागं माणूस डोकेदुखी, मळमळ, चक्कर यांवरून सावध होऊ शकतं. झोपलेल्या माणसाला ती संधी बहुधा मिळतच नाही, कारण या वायूने गुदमरल्यासारखं वाटत नाही. नॉर्मा जागी होत नाही, यात काहीच खोटं नाही.

एक दगावतो आणि दुसरा वाचतो, असं खऱ्या अपघातांतही घडतं. कुणी किती वेळ श्वासात घेतलं, श्वासाचा वेग काय होता, हृदयाची आणि रक्ताची अवस्था कशी होती, खोलीतली हवा नेमकी कुठून कुठे जात होती, अशा कितीतरी गोष्टींवर ते ठरतं. शिवाय नॉर्मा त्या खोलीत आधीपासून होती. नॉर्मन घरभर फिरून नंतर आला.

रोमेरो येऊन खिडकी फोडतो आणि त्यांना शुद्धीवर आणायला धडपडतो. मोकळी हवा हाच पहिला उपाय, तो बरोबर दाखवला आहे. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला साधारण चार ते पाच तास लागतात. शुद्ध ऑक्सिजन दिला तर तास-दीड तास. म्हणून अशा रुग्णाला बाहेर काढल्यावर तो बरा दिसला तरी दवाखान्यात न्यायलाच हवं. बंद जागेत इंधन जळत असेल, भट्टी असो, शेगडी असो वा गीझर, तर हवा खेळती ठेवा आणि या वायूची सूचना देणारा गजर बसवून घ्या. झोपायच्या खोलीजवळ, कारण तो झोपलेल्यांना उठवण्यासाठी आहे.

*ताई, हे पत्र फार विचार करून लिहिते आहे. माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. औषधं नियमित चालू आहेत, तो शांत आहे, घरातली कामं करतो. आम्ही सगळ्यांनी मिळून ही मालिका पाहिली. तेव्हापासून वहिनी रात्री खोलीला आतून कडी लावते. त्याला ते कळलं आहे. मला सांगा, नॉर्मनचा आजार आणि माझ्या भावाचा आजार एकच आहे का?*
*— एक बहीण*

नाही, एकच नाही. वहिनींना हे पत्र वाचायला द्या.

नॉर्मनच्या बाबतीत मालिका दुभंगलेल्या ओळखीकडे बोट दाखवते. पाइनव्ह्यू नावाच्या मनोरुग्णालयात डॉ. एडवर्ड्स त्याच्याशी बोलत असताना अचानक समोर ‘आई’ बसलेली असते. बसण्याची ढब, आवाज, नजर सगळं नॉर्माचं. डॉक्टर दचकत नाहीत, तिला हाकलूनही लावत नाहीत. शांतपणे तिच्याशी बोलतात. असा आजार प्रत्यक्षातही आहे. पूर्वी त्याला बहुव्यक्तिमत्त्वाचा विकार म्हणत, आणि 1994 मध्ये अमेरिकी मनोविकार वर्गीकरणात त्याचं नाव बदललं गेलं. बालपणातल्या भयंकर आघातांशी त्याचं नातं सांगितलं जातं, आणि मालिकेने तो धागा नेमका पकडला आहे. बाप आईवर अत्याचार करत असताना लहानगा नॉर्मन त्याच पलंगाखाली लपलेला होता, आईचा हात धरून, हे डॉक्टरांसमोर बाहेर येतं. तो पलंग लक्षात ठेवून ‘फॉरएव्हर’मधला पलंग पाहा.

तुमच्या भावाच्या आजारात माणूस दोन होत नाही. नसलेले आवाज ऐकू येणं, खोट्या समजुती पक्क्या होणं, विचारांची संगती सुटणं, उत्साह आटणं ही त्याची लक्षणं. मालिकेने नॉर्मनला भास, स्मृतिभ्रंश, दुसरी ओळख आणि खून असं सगळं एकाच वेळी दिलं आहे. रहस्यकथा म्हणून ते चालतं. एखाद्या माणसाला जोखायचं माप म्हणून ते मुळीच चालत नाही. गंभीर मानसिक आजार असलेली बहुसंख्य माणसं कधीच हिंसा करत नाहीत. मारहाण, फसवणूक, छळ त्यांच्याच वाट्याला जास्त येतो.

मी बरीच वर्षं मनोविकार विभागात समुपदेशक म्हणून काम केलं. घरी सोडण्याआधी नातेवाइकांची बैठक व्हायची. तिथे बहुतेकांचा पहिला प्रश्न ‘तो आम्हाला काही करणार नाही ना?’ हाच असायचा, आणि तो रुग्णासमोर, त्याच्याकडे न बघता विचारला जायचा. मी प्रत्येक वेळी तो प्रश्न त्याच माणसाकडे वळवायची. तुला काय वाटतं, बरं नसेल तेव्हा आम्हाला कसं कळेल? उत्तर मिळायचं. झोप उडते. मी जेवायला खाली येत नाही. रेडिओ बंद करून टाकतो. ही माहिती कुठल्याही कडीपेक्षा उपयोगाची असते.

हेच तुमच्या घरी करा. भाऊ, वहिनी, तुम्ही एकत्र बसा आणि त्यालाच विचारा. भीतीही मोकळेपणाने बोला, लपवलेली भीती त्याला आधीच कळलेली आहे. मात्र त्याने औषधं सोडली, नशा सुरू केली, कुणाला इजा करण्याची भाषा केली किंवा तसं करायला सांगणारे आवाज ऐकू येतात असं म्हणाला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. जवळच्या आजारी माणसाबद्दल एवढी दक्षता कुठल्याही घरात घेतली जाते.

*नॉर्मा चांगली आई की वाईट? आमच्यात दोन तट पडले आहेत. माझी मुलगी म्हणते, तिनेच त्याला बिघडवलं. मला वाटतं, तिने मुलासाठी काय नाही केलं?*
*— सतरा वर्षांच्या मुलीची आई*

तुम्ही म्हणता ते मला पटतं, आणि मुलीचा मुद्दाही मला सोडवत नाही. नॉर्माने काय काय केलं ते बघा. नॉर्मनने भान हरपलेल्या अवस्थेत बापाला मारलं, तेव्हा तिने तो अपघात असल्याचं भासवलं. मोटेलच्या जुन्या मालकाने तिच्यावर बलात्कार केला आणि तिने त्याला भोसकलं, तर ती पोलिसांकडे जात नाही, मुलाला बरोबर घेऊन मृतदेहाची विल्हेवाट लावते. पाइनव्ह्यूचा खर्च झेपणारा नव्हता, तर शेरीफच्या विम्यात मुलाचा समावेश व्हावा म्हणून तिने त्याच्यासमोर लग्नाचा प्रस्ताव ठेवला. या बाईच्या जिद्दीला तोड नाही. व्हेरा फार्मिगाला या भूमिकेसाठी 2013 मध्ये एमीचं नामांकन होतं. माझं मत विचाराल तर पुरस्कार चौथ्या सीझनसाठी मिळायला हवा होता.

पण या यादीत सगळीकडे एक गोष्ट समान आहे. प्रत्येक वेळी तिने मुलाला परिणामांपासून वाचवलं, आणि प्रत्येक वेळी त्याला नेमकं काय झालं हे त्याच्यापासून लपवलं. आपण बापाला मारलं हे नॉर्मनला ठाऊक नाही. ज्याला स्वतःबद्दल एवढं मोठं सत्य माहीत नाही, तो मदत कशासाठी मागणार? थोरला मुलगा डिलन आपल्या प्रेयसीच्या, एमाच्या आईच्या गायब होण्यामागे नॉर्मन असल्याची शंका बोलून दाखवतो, तेव्हाही नॉर्मा ऐकायला तयार होत नाही. तिला ऐकायचं नसतं, कारण ऐकलं की काहीतरी करावं लागेल. या घरात प्रेमाचा तुटवडा कुणालाच नाही. खरं मात्र कुणी कुणाला सांगत नाही, आणि ‘फॉरएव्हर’मधली रात्र त्यातूनच उगवते.

नॉर्माचं स्वतःचं बालपणही विसरू नका. डिलन हा तिच्या भावापासून झालेला मुलगा आहे. घरातल्या गोष्टी घराबाहेर न्यायच्या नाहीत, हे ती फार लहानपणी शिकली. जगण्यासाठी शिकलेली गोष्ट पुढे सोडून देणं किती कठीण असतं, हे मी कामात रोज पाहत होते.

तुमच्या पत्राच्या शेवटी तुम्ही विचारलं आहे की अठरा पूर्ण झाल्यावर मुलं आपल्या हातात राहत नाहीत, मग आईने करायचं काय. नॉर्मनचं उदाहरण घ्या. तो कायद्याने सज्ञान आहे, म्हणून पाइनव्ह्यूमधून स्वतःच्या सहीने बाहेर पडू शकतो. डॉक्टरांना तो अजून तयार वाटत नाही, पण अडवणं सोपं नाही. अशा वेळी नॉर्माच्या हातात एक गोष्ट नक्की होती. जे तिला माहीत होतं ते सगळं ती डॉ. एडवर्ड्सना सांगू शकत होती. सज्ञान रुग्णाची माहिती डॉक्टर परस्पर आईला देणार नाहीत, पण आईने सांगितलेलं ऐकून घ्यायला त्यांना कुणी अडवत नाही. तुमच्या मुलीच्या बाबतीत असा प्रसंग न येवो. आलाच, तर तेवढं लक्षात असू द्या.

*डिलनला आईच्या मृत्यूचं कुणीच कळवत नाही हे मला पटलंच नाही. सख्खा मुलगा ना तो?*
*— एक वाचक*

पटायला जड आहे खरं. पण त्याला कळवणार कोण ते पाहा. रोमेरो तुरुंगात, डिलन एमाला घेऊन दूर निघून गेलेला, आणि मागे उरतो एकटा नॉर्मन. त्याच्या जगात आई मेलेलीच नाही. ती घरातच आहे, त्याच्याशी बोलते आहे. डिलनला हे कळतं ते पाचव्या सीझनमध्ये, आणि डिलनची भूमिका करणाऱ्या मॅक्स थिएरियटने त्या प्रसंगात जे केलं आहे ते पाहिल्यावर तुमची तक्रार थोडी कमी होईल अशी आशा आहे.

*मूळ चित्रपट आधी पाहावा की मालिका? आणि नॉर्मा गेल्यावर पुढे पाहण्यात काही अर्थ आहे का?*
*— नुकतीच मालिका सुरू केलेला एक वाचक*

चित्रपट आधी पाहा. तो काळ्या-पांढऱ्या रंगातला आहे आणि दोन तासांच्या आत संपतो. टेकडीवरचं ते घर एकदा मनात बसलं की मालिकेत तेच घर पुन्हा पाहताना पोटात गोळा येतो. मालिकेसाठी त्याची प्रतिकृती कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात, ऑल्डरग्रोव्हला उभारली होती.

नॉर्मा गेल्यावर थांबू नका. चौथ्या सीझनचा शेवटचा भाग ‘फॉरएव्हर’ला जोडूनच पाहा, मध्ये दिवस जाऊ देऊ नका. पाचव्या सीझनमध्ये व्हेरा फार्मिगा आहेच, नॉर्मनच्या डोक्यातली आई म्हणून, आणि ही नॉर्मा खऱ्या नॉर्मापेक्षा कितीतरी कठोर आहे. त्याच सीझनच्या सहाव्या भागात गायिका रिहाना चित्रपटातली मॅरियन क्रेन होऊन मोटेलमध्ये येते. चित्रपट पाहिलेला असेल तर न्हाणीघरातल्या त्या प्रसंगाची तुम्ही श्वास रोखून वाट पाहाल. तिथे लेखकांनी जे केलं आहे ते मी सांगणार नाही. पाहून झाल्यावर मला जरूर लिहा.